आधी दिलेली, मागून मोजलेली मतं

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल त्या रात्री अधिकृतपणे जाहीर करणारं कुणीच नसतं. आपल्याकडे निवडणूक आयोग आहे, निवडणूक निर्णय अधिकारी आहे, त्याच्या सहीचं प्रमाणपत्र आहे. इथे पन्नास राज्यं आणि राजधानीचा जिल्हा आपापल्या कायद्यानं मतदान घेतात. मोजणी त्याच्याही खाली, काउंटीच्या म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, किंवा गाव-शहराच्या पातळीवर होते. राज्यांची प्रमाणपत्रं निघायला काही आठवडे लागतात, इलेक्टर, म्हणजे प्रत्येक राज्यानं निवडलेले प्रतिनिधी, डिसेंबरात मतं देतात आणि ती मतं ६ जानेवारीला काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर, मोजली जातात. तोवर जग थांबत नाही. कोण जिंकलं हे सांगण्याचं काम वृत्तसंस्था आणि वाहिन्या करतात. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था ते १८४८ पासून करते आहे.

इतकं मोठं काम कुठल्याही कायद्यानं न सोपवता बातमीदारांकडे आलेलं आहे, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी संख्याशास्त्रात पीएचडी करायला पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियाला आले. पुढच्याच वर्षीची निवडणूक मी याच शहरातून पाहिली. मला मताचा अधिकार नव्हता, आजही नाही. पण त्या निवडणुकीत माझं काहीच पणाला नव्हतं असं मात्र नाही. ६ जुलै २०२० ला इथल्या सरकारनं जाहीर केलं, की ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्यांना देशात राहता येणार नाही. करोनाचा उन्हाळा होता, विमानं जवळजवळ बंद होती. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेले आणि १४ जुलैला तो नियम मागे घेतला गेला. मधले ते दिवस आमच्या विभागातल्या प्रत्येक परदेशी मुलानं बॅगेकडे बघत काढले. त्यानंतर निवडणुकीची बातमी माझ्यासाठी परक्या देशाची बातमी राहिली नाही.

पेनसिल्व्हेनियात टपाली मत देण्यासाठी पूर्वी आजारपण किंवा परगावी असणं असं कारण द्यावं लागे. ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेल्या 'अॅक्ट ७७' नावाच्या कायद्यानं ती अट काढली. दोन्ही पक्षांनी मिळून केलेला कायदा होता तो, आणि करोनाचं नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी साथ आली आणि राज्यात सव्वीस लाखांच्या आसपास लोकांनी टपाली मत दिलं. कायद्यात एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. टपाली मताचा लिफाफा मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाही. मोजणं तर सोडाच, लिफाफा फाडून आतला कागद सपाट करून ठेवायलाही परवानगी नाही. त्या उन्हाळ्यात काउंट्यांचे अधिकारी विधिमंडळाला विनवत होते, आम्हाला थोडे दिवस आधी उघडू द्या. राजकीय सौद्यात ते अडकलं आणि काही झालं नाही.

आमच्या घरमालकीण निवृत्त परिचारिका. वय सत्तरीपुढचं, दम्याचा त्रास, त्यामुळे मार्चपासून त्या घराबाहेर फारशा पडलेल्या नव्हत्या. त्या वर्षी शहरानं ठिकठिकाणी तात्पुरती निवडणूक कार्यालयं उघडली होती. तिथे जाऊन मतपत्रिका मागायची, तिथेच भरायची आणि तिथेच द्यायची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी दोन मास्क लावून त्या गेल्या. रांग लांब होती, मी सोबतीला होते. टपाली मताला दोन लिफाफे लागतात. मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या लिफाफ्यात, तो बंद करून बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही नि तारीख. आतला लिफाफा राहिला तर मत बाद. अशा मतपत्रिकेला इथे 'नेकेड बॅलट' म्हणतात आणि त्या वर्षी शहरभर त्याबद्दल सावध करणाऱ्या जाहिराती होत्या. बाईंनी सही करण्याआधी दोनदा चाचपून पाहिलं. त्यांच्या आईला दक्षिणेतल्या एका राज्यात मतदार नोंदणीच करू दिली नव्हती, हे त्यांनी रांगेतच सांगितलं होतं, अगदी साध्या आवाजात.

हे इतकं तपशिलात सांगण्याचं कारण पुढे आहे.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही लिफाफ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग टपाली आधी घेणार का मशिनची?" अण्णा तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मास्तराच्या नोकरीत निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळीकडे ते कधी मतदान अधिकारी, कधी केंद्राध्यक्ष, कधी मोजणीच्या टेबलावर. मतपत्रिकेच्या काळातली मोजणी त्यांनी केली आहे. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेली मतपत्रिका वर उजेडात धरून बघायची, शंका असेल तर साहेबांकडे पाठवायची, गठ्ठे बांधायचे, प्रतिनिधींना दाखवायचे. रात्र रात्र चालायचं ते. आपल्याकडे नियम आहे की टपाली मतपत्रिका आधी मोजायला घ्यायच्या. म्हणून निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिले कल येतात ते टपालाचे असतात, आणि हे आता टीव्ही बघणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

मी म्हणाले, "इथे उलटं होणार, अण्णा. मशिनची मतं रात्रीच कळतील, टपाली मागून."

"मग आघाडीला काय अर्थ नाही," अण्णा म्हणाले. "पूर्व भागाच्या पेट्या फुटायच्या राहिल्यात म्हण की."

आमच्या तालुक्यात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे. मोजणीच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर माणसं उभी असायची. आतून कुणी येऊन सांगायचं, अमका दोन हजारांनी पुढे. जल्लोष करायला पोरं निघायची, तेव्हा एखादा पटकेवाला म्हातारा विचारायचा, कुठल्या पेट्या फुटल्या? पूर्व भाग राहिला असेल तर गुलाल पिशवीतच राहायचा. त्या माणसांना संख्याशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. कुठलं गाव कुणाला मानतं आणि कुणाच्या पेट्या शिल्लक आहेत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असे. मी ज्या विषयात संशोधन करते त्यात याला एक लांबलचक नाव आहे. हाती नसलेली माहिती हाती असलेल्या माहितीसारखीच असेल असं धरून चालायचं नसतं, असा त्याचा अर्थ.

आणि २०२० मध्ये ती तशी नव्हती हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. डोनाल्ड ट्रम्प कित्येक महिने टपाली मतदानावर अविश्वास दाखवत होते, त्यांचे मतदार केंद्रावर जाऊन मत देणार होते. जो बायडन यांचे मतदार साथीच्या भीतीनं टपालाकडे वळले होते. पेनसिल्व्हेनियातल्या दर चार टपाली मतांतली साधारण तीन बायडन यांच्याकडे गेली. म्हणजे रात्री ट्रम्प पुढे दिसणार आणि मग अंतर घटत जाणार. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात हे अगदी क्रमानं सांगितलं होतं. वर्तमानपत्रांनीही लिहिलं होतं. ज्याला वाचायचं होतं त्याच्यासाठी सगळं छापून आलेलं होतं.

तरीही ३ नोव्हेंबरच्या रात्री पडद्यावर जे आलं ते पाहून पोटात गोळा आला. सीएनएनवर जॉन किंग आणि एमएसएनबीसीवर स्टीव्ह कोर्नाकी नकाशासमोर उभे होते. काउंटीवर बोट ठेवलं की आकडे उघडायचे. त्या दोघांबद्दल मला आदरच वाटतो. मोजणी कुठे बाकी आहे हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते, तासन्‌तास, न थकता. पण पडद्याच्या खालच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत आघाडी होती, आणि नकाशावर राज्य लाल रंगात, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाच्या रंगात होतं. माणूस बोलून सांगत होता की हे अपुरं आहे आणि पट्टी सांगत होती की ट्रम्प पुढे आहेत. आवाज बंद करून बघणाऱ्या माणसाला फक्त पट्टी दिसते. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, विमानतळावर, किराणा दुकानात टीव्ही बिनआवाजाचेच असतात.

पहाटे अडीचच्या सुमारास ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये बोलायला उभे राहिले. आपण जिंकलोच आहोत, असं म्हणाले. मतदान थांबलं पाहिजे, पहाटे चार वाजता कुठूनतरी मतपत्रिका सापडायला नकोत, असंही म्हणाले. मतदान तर कित्येक तासांपूर्वी संपलं होतं. उरली होती ती मोजणी. पेनसिल्व्हेनियात तेव्हा ते सुमारे सात लाखांनी पुढे होते आणि दहा लाखांहून बरीच जास्त टपाली मतं उघडायची राहिली होती. चारांत तीन हे प्रमाण धरलं तर दर शंभर लिफाफ्यांमागे पन्नास मतांचं अंतर कमी होतं. हे गणित मी वहीत मांडलं, सकाळपर्यंत तीनदा तपासलं आणि अण्णांना फोन केला. तिकडे दुपार होती, मराठी वाहिन्यांवर ट्रम्प पुढे असल्याची पट्टी होती. अण्णांनी विचारलं, "पाकिटं किती राहिल्यात?" मी आकडा सांगितला. "मग बसून राहायचं," ते म्हणाले.

बुधवारपासून मी वाहिन्या बघणं कमी केलं आणि दुसरंच काही बघू लागले. फिलाडेल्फियाच्या निवडणूक आयुक्तांनी मोजणीचं थेट प्रक्षेपण सुरू ठेवलं होतं. शहरातलं कन्व्हेन्शन सेंटर, प्रचंड मोठी खोली, टेबलांच्या रांगा. कुणी निवेदक नाही, पट्टी नाही, रंग नाही. बाहेरचा लिफाफा यंत्र कापतं, माणूस आतला लिफाफा काढतो, तो वेगळा कापला जातो, मतपत्रिका निघते, घड्या उलगडून हातानं सपाट करतात, गठ्ठा स्कॅनरकडे जातो. मास्क लावलेली, पिवळी जॅकेट घातलेली माणसं. कुणी उभं राहून पाठ मोडते, पाणी पिते, पुन्हा बसते. मी प्रबंधाचं काम एका खिडकीत आणि ही खोली दुसऱ्या खिडकीत ठेवून बसायचे. अख्ख्या निवडणुकीत मला सर्वांत खरं वाटलेलं माध्यम तेच. अण्णांनाही लिंक पाठवली. त्यांनी तासभर पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "उजेड चांगला दिलाय. आम्हाला एवढा उजेड नसायचा." ज्या माणसानं ट्यूबलाइटखाली डोळे ताणून रात्रभर शिक्के बघितलेत तोच हे बोलू शकतो.

त्या गठ्ठ्यांत कुठेतरी आमच्या घरमालकिणींचं मत होतं. शहरात साडेतीन लाखांहून जास्त टपाली मतं होती. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होतो आणि निवेदक म्हणाला, 'उशिरा आलेली मतं' बायडन यांच्या बाजूनं जात आहेत. बाई ताडकन म्हणाल्या, "उशिरा? मी महिनाभर आधी दिलंय." त्यांच्या आवाजातला राग मी विसरू शकत नाही. खरंच होतं ते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर गेलेल्या माणसाचं मत रात्रीच पडद्यावर आलं, आणि त्याच्या कितीतरी आधी रांगेत उभं राहून सही करून लिफाफा दिलेल्या बाईचं मत 'उशिरा' ठरलं. जे सर्वांत आधी दिलं गेलं होतं ते मागून घुसवल्यासारखं वाटू लागलं. कायद्यानं लिफाफा सातच्या आत उघडू दिला नाही, एवढ्यावरून. ३ तारखेचा शिक्का असलेली पण नंतर पोचलेली मतं होती, नाही असं नाही. ती दहा हजारांच्या आसपास, न्यायालयीन वादामुळे वेगळी ठेवलेली, निकालात धरलेलीही नाहीत. बाकीची लाखो मतं तर मतदान संपण्याआधीच येऊन पडली होती.

त्याच संध्याकाळी ट्रम्प पुन्हा बोलले, निवडणूक चोरली जात आहे असं. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तिन्ही वाहिन्यांनी भाषण मधेच तोडलं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ते धाडसाचं वाटलं. मला पटलं नाही, आजही पटत नाही. ज्यांना भाषण ऐकायचं होतं त्यांनी ते दुसरीकडे ऐकलं, आणि तिथे दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. भाषण पूर्ण दाखवून बाजूला तिन्ही आकडे ठेवता आले असते. किती मतपत्रिका आल्या, किती मोजल्या, किती राहिल्या. ते आकडे राज्याच्या संकेतस्थळावर होते.

त्याच दिवसांत ॲरिझोनात बरोबर उलटी हालचाल चालू होती, आणि ती माझ्या मते कुणीच नीट उलगडून सांगितली नाही. तिथे टपाली मतं आधीपासून मोजता येतात, म्हणून सुरुवातीला बायडन पुढे होते. शेवटच्या दिवसांत लोकांनी हातानं आणून दिलेले लिफाफे नंतर मोजले गेले आणि ते ट्रम्प यांच्याकडे झुकत होते. फॉक्स न्यूजनं मतदानाच्या रात्री अकरा वीसलाच ॲरिझोना बायडन यांना देऊन टाकलं होतं, एपीनं पहाटे तीनच्या आधी. बाकीच्या वाहिन्या १२ नोव्हेंबरपर्यंत थांबल्या. शेवटी अंतर राहिलं १०,४५७ मतांचं. निकाल बरोबर ठरला, पण इतक्या लवकर सांगण्याइतका पुरावा त्या रात्री होता असं मला संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून वाटत नाही. त्या आठवड्यात डेट्रॉइटमध्ये मोजणी केंद्राबाहेर ट्रम्प समर्थकांचा एक जमाव 'मोजणी थांबवा' म्हणत काचा बडवत होता, आणि ॲरिझोनात त्याच पक्षाचा जमाव 'मतं मोजा' म्हणत होता. दोन्हीकडच्या माणसांनी पडद्यावरची आघाडी तेवढी पाहिली होती.

माध्यमांची घाई इथे नवी नाही. २००० साली फ्लोरिडाचा निकाल वाहिन्यांनी संध्याकाळी अल गोर यांच्या बाजूनं दिला, दोन तासांत मागे घेतला, मध्यरात्रीनंतर जॉर्ज बुश यांना दिला आणि पहाटे तोही मागे घेतला. शेवटी फरक निघाला ५३७ मतांचा आणि तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण बुश विजयी अशी बातमी एकदा येऊन गेली होती, म्हणून पुढचे पाच आठवडे गोर हे 'हरूनही न मानणारे' दिसत राहिले. फ्लोरिडानं त्यातून धडा घेतला. आज तिथे टपाली मतं मतदानाच्या तीन आठवडे आधीपासून तपासून यंत्रात घालता येतात, आणि रात्री झोपण्याआधी निकाल कळतो. लिफाफे तेच, फक्त कायदा वेगळा.

आता आपल्या माणसांकडे येते. तासगाव, सांगली, पुणे, न्यू जर्सी, सगळीकडचे नातेवाईक असलेल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरुवातीला ही निवडणूक कौतुकाची होती. २९ ऑक्टोबरला फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे बायडन पावसात भिजत बोलले आणि लगेच शरद पवारांच्या साताऱ्यातल्या २०१९ च्या सभेचा फोटो शेजारी लावून फिरू लागला. कमला हॅरिस यांच्या आजोळी, तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम गावात पूजा झाल्याच्या बातम्या आल्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या विधिमंडळात निवडून आले, त्याचा आनंद तर मलाही मनापासून झाला. मिशिगनच्या निकालाकडे बघताना त्या राज्यात एक मराठी बोलणारा उमेदवारही मोजला जातो आहे, हे मनात होतं.

मग बुधवारी रात्री एक आलेख आला. विस्कॉन्सिनमध्ये पहाटे बायडन यांची रेघ एकदम उभी वर गेलेली, आणि खाली मराठीत 'हे कसं शक्य आहे?' पाठोपाठ बेनफर्डचा नियम आला. नियम खरा आहे. नैसर्गिकपणे वाढणाऱ्या, एककापासून लाखांपर्यंत पसरलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे तीस टक्के असतं आणि ९ असण्याचं पाच टक्क्यांहून कमी. हिशेबातले घोटाळे शोधायला तो वापरतात. शिकागोतल्या मतदान केंद्रांचे बायडन यांचे आकडे या नियमात बसत नाहीत, म्हणून ते बनावट, असा त्या संदेशाचा दावा होता. पण शहरातलं मतदान केंद्र ठरावीक आकाराचं असतं, काही शे मतदारांचं. तिथे एका उमेदवाराला बहुतेक ठिकाणी तीनशे, चारशे, पाचशे मतं पडत असतील तर पहिला अंक ३, ४, ५ च येणार. नियम तिथे लागूच होत नाही. आमच्या गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांची उंची सेंटिमीटरमध्ये मांडली तर पहिला अंक बहुतेक सगळीकडे १ येईल, म्हणून कुणी गावाला खोटं म्हणणार नाही.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. विस्कॉन्सिनची उभी रेघ का, तेही लिहिलं. मिलवॉकी शहर टपाली मतं एकाच ठिकाणी मोजतं आणि सगळ्यांचा आकडा एकदम देतं. त्या पहाटे सुमारे एक लाख सत्तर हजार मतं एका फटक्यात नोंदली गेली. एका काकांनी उत्तर दिलं, "तू तिथं आहेस म्हणून तुला त्यांचंच खरं वाटतं." ते मला लागलं. काका इंजिनिअर आहेत, मला गणिताची गोडी त्यांनीच लावली. त्यांना आलेखातली उडी दिसत होती, मला त्या खोलीतले हात दिसत होते. त्यांनी ती खोली कधी पाहिलीच नव्हती, कारण त्यांच्यापर्यंत पोचलेल्या कुठल्याही बातमीत ती नव्हती. मी त्यांना थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवली. त्यावर उत्तर आलं नाही, पण बेनफर्डचे संदेशही थांबले.

शुक्रवारी सकाळी पेनसिल्व्हेनियात बायडन पुढे गेले. शनिवारी, ७ नोव्हेंबरला, साडेअकराच्या सुमारास वाहिन्यांनी आणि एपीनं पाठोपाठ निकाल दिला. कन्व्हेन्शन सेंटरबाहेर आधीपासूनच लोक नाचत होते. आता सगळ्या शहरातून गाड्यांचे भोंगे वाजू लागले. अण्णांकडे रात्रीचे दहा वाजत होते. बाईंनी दारात येऊन स्वयंपाकघरातलं पातेलं चमच्यानं वाजवलं, अगदी लहान मुलीसारखं, आणि मग आत जाऊन बराच वेळ बसून राहिल्या. राज्यातलं शेवटचं अंतर ८०,५५५ मतांचं. ट्रम्प यांनी २०१६ मध्ये हेच राज्य ४४,२९२ मतांनी जिंकलं होतं, तेव्हा लिफाफ्यांबद्दल कुणी प्रश्न केला नव्हता.

फिलाडेल्फियाच्या तीन आयुक्तांतले अल श्मिट रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. मोजणी नीट झाली आहे, गैरप्रकाराचा पुरावा नाही, असं ते टीव्हीवर स्पष्ट बोलले. त्यानंतर त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला धमक्या आल्या. हे वाचल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. आमच्याकडेही मोजणीच्या टेबलाभोवती प्रतिनिधी ओरडतात, अंगावर येतात, त्यांनी ते सोसलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी तेच प्रतिनिधी शाळेत पोरांना सोडायला यायचे, असं ते म्हणाले.

लगेच १० नोव्हेंबरला बिहारची मोजणी झाली. साथीमुळे मतदान केंद्रं खूप वाढवली होती, म्हणून फेऱ्या वाढल्या आणि निकाल मध्यरात्र ओलांडून गेला. बहुतेक एक्झिट पोलनी महाआघाडीला पुढे दाखवलं होतं, जिंकली एनडीए, १२५ विरुद्ध ११० जागांनी. हिलसा मतदारसंघात फरक १२ मतांचा. तिथेही आरोप झाले, टपाली मतांवरूनच. त्या रात्री अण्णा जागे होते आणि मी त्यांना आयोगाच्या संकेतस्थळावरचे आकडे वाचून दाखवत होते. दिवाळी चार दिवसांवर आली होती. फोनवर आई मागून ओरडत होती, की आता पुरे करा ती मोजणी.

२०२४ ची निवडणूकही मी इथूनच पाहिली, पीएचडीच्या शेवटच्या वर्षात. मतदानाच्या दिवशी दुपारी ट्रम्प यांनी फिलाडेल्फियात मोठ्या प्रमाणावर गैरप्रकार सुरू असल्याचं लिहिलं. शहराचे रिपब्लिकन आयुक्त सेथ ब्लूस्टीन यांनी त्यात तथ्य नसल्याचं लगेच सांगितलं. मोजणी या वेळी शहराच्या ईशान्येकडच्या गोदामात होती. यंत्रं जास्त होती, २०२२ च्या एका कायद्यानं अनुदान घेणाऱ्या काउंट्यांना मोजणी अखंड चालू ठेवणं बंधनकारक केलं होतं, आणि टपाली मतंही कमी होती. पहाटे साडेपाचच्या सुमारास एपीनं ट्रम्प विजयी झाल्याचं सांगितलं. पेनसिल्व्हेनियात ते सुमारे एक लाख वीस हजारांनी पुढे राहिले. दुपारचा तो आरोप मला पुन्हा ऐकू आला नाही. आमच्या ग्रुपवर एकही आलेख आला नाही.

घरमालकिणींचा उमेदवार हरला होता. सकाळी त्यांनी कॉफी ओतता ओतता मला विचारलं, त्यांचं टपाली मत मोजलं गेलं का ते कुठे बघायचं. मी शहराच्या संकेतस्थळावर त्यांची नोंद उघडून दिली. मत नोंदलं गेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली आणि म्हणाल्या, बरं झालं.

टपाली लिफाफा पेनसिल्व्हेनियात त्या निवडणुकीतही सकाळी सातच्या आत उघडता आला नाही. ते बदलणाऱ्या विधेयकाचा चार वर्षांत कायदा होऊ शकला नाही. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, मग मधल्या चार वर्षांत तिथल्या पेपरवाल्यांनी काय विचारलं त्या आमदारांना?" काही पत्रकारांनी विचारलं होतं, चिकाटीनं. फिलाडेल्फिया इन्क्वायररमध्ये मी तसे लेख वाचले आहेत, आतल्या पानांवर.